आक्कांची निळी स्कूटर आणि तिप्पट तेल

घरात तीन जुन्या स्कूटर असलेल्या बाईने चौथीसाठी मैसूरला जायचं ठरवलं, तर घरचे काय म्हणतील हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आधी तिकीट काढलं आणि मग सांगितलं. नवरा म्हणाला, "मैसूरला लोक राजवाडा बघायला जातात." मी म्हटलं, "जमलं तर तोही बघेन." तो जमला नाही, हे आत्ताच सांगून टाकते. राजवाड्याच्या फोटोंसाठी इथे आलेल्या वाचकांनी मोठ्या मनाने माफ करावं.

नव्या वाचकांसाठी थोडं माझ्याबद्दल. मी सांगलीत होमिओपॅथीची डॉक्टर आहे. सकाळ-संध्याकाळ दवाखाना, आणि मधल्या वेळात घरामागच्या शेडमध्ये जुन्या स्कूटर खोलणं आणि जोडणं. नखांत ग्रीस असतं म्हणून पेशंटशी बोलताना हात टेबलाखाली ठेवते. गेली नऊ वर्षं मी एकच मॉडेल शोधत होते: हाताच्या गिअरचं, मागे स्टेपनी लावलेलं आणि पुढची-मागची सीट वेगवेगळी असलेलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की खाली कमेंटमध्ये दोन गट पडतात आणि मला दोन्ही गटांना चहा पाजावा लागतो. अशा दोन गाड्या माझ्या हातून निसटल्या होत्या. एक भंगारात गेली, दुसरी एका हौशी माणसाने मी पोचायच्या आदल्या दिवशी उचलली. तेव्हा मी चक्क रडले होते.

तर मैसूरचे खादरभाई. मंडी मोहल्ल्यात त्यांचं स्कूटरचं गॅरेज आहे आणि मी त्यांच्याकडून कुरिअरने सुटे भाग मागवते. एके दिवशी त्यांनी फोटो पाठवला: घराच्या बोळात जुन्या साडीखाली झाकलेली एक निळी स्कूटर, खाली दोन चाकं दिसतायत आणि वर दोन सीटचे दोन उंचवटे. खाली लिहिलं होतं, "डॉक्टर बाजी, जल्दी आव." बाजी म्हणजे ताई.

मिरजेहून थेट मैसूरला जाणाऱ्या गाड्या आहेत, पण त्या रोज नसतात. वार बघून बेत आखा. शुक्रवारी सकाळी मी मैसूरला उतरले. स्टेशनजवळ साधी, स्वच्छ खोली हजाराच्या आत मिळाली. लोणी लावलेला मसाला डोसा खाल्ला, दोन कॉफ्या घेतल्या आणि रिक्षाने तडक खादरभाईंकडे गेले. सत्तरीचा, सडपातळ माणूस, कानाच्या वर पेन्सिलीसारखा स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला. ते मला घेऊन यमुनाक्कांच्या घरी गेले.

यमुनाक्का शहात्तर वर्षांच्या, निवृत्त गणिताच्या शिक्षिका. घराणं कित्येक पिढ्या मैसूरचं, मूळ मराठी. त्यांचे खापरपणजोबा महाराजांच्या घोडदळात होते. मी सांगलीची म्हटल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"सांगलीचं मराठी म्हणजे शुद्ध, अल्वा? आमचं कन्नडात भिजलेलं आहे. चालवून घे हं. बस, उप्पिट खा आधी."

हे 'अल्वा' म्हणजे आपलं 'हो ना'. दोन दिवसांत ते माझ्याही तोंडात बसलं. आमच्याकडेही थोरल्या बहिणीला आक्काच म्हणतात, त्यामुळे त्यांना काय म्हणायचं हा प्रश्नच आला नाही.

घरात दुसरी व्यक्ती म्हणजे त्यांच्या भावाची मुलगी मेघना, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारी. ती खुर्ची ओढून बसली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"डॉक्टर, सॉरी हं. पण बेंगळूरूच्या एका कॅफेवाल्यांनी विचारलंय. संडेला बाराला त्यांचा टेम्पो येणार. ते वॉलवर लावणार, वरून लाइट सोडणार. सेफ राहणार ती. आत्तेला पण टेन्शन नाही."

मी उप्पिटाची बशी खाली ठेवली. नऊ वर्षं शोधलेली गाडी भिंतीवर टांगणार, आणि खाली माणसं पास्ता खाणार! मी काही बोलायच्या आत आक्का बोलल्या.

"भिंतीवर फोटो लावतात गं, गेलेल्यांचे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझी एकच अट आहे. मला हिच्यावर बसवून कृष्णराजनगरला माझ्या शाळेपर्यंत ने आणि परत आण. वाटेत एकदाही धक्का मारायचा नाही. जमलं तर गाडी तुझी. धक्का लागला तर टेम्पोत. सरी?"

कृष्णराजनगर मैसूरपासून चाळीसेक किलोमीटर. आक्का तिथल्या शाळेत शिकवत. नंबर लावून पाच वर्षं थांबल्यावर ही स्कूटर मिळाली, आणि मग सोमवारी पहाटे जायचं, शनिवारी दुपारी यायचं, नऊवारीत नव्हे पण पदर खोचून, हेल्मेटशिवाय. रस्त्यावरचे लोक बैल थांबवून बघत. निवृत्तीनंतरही त्या भाजीला तिच्यावरूनच जात. अकरा वर्षांपूर्वी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी बोळात गेली.

"एक दिवस कोथिंबीर घेऊन आले, स्टँडवर लावली, बस्स. ती शेवटची फेरी होती हे मला कुठं माहीत होतं? कोथिंबिरीसाठी संपलं सगळं! आता एक फेरी मला कळून करायचीय."

यावर मी हो म्हणायच्या आधीच खादरभाईंनी हो म्हटलं.

शुक्रवारची दुपार आणि अख्खा शनिवार आम्ही गाडीवर घालवला. अशा उभ्या राहिलेल्या गाड्या घेणाऱ्यांसाठी थोडं कामाचं: आधी किक मारू नका. टाकी सोडवून आतला गंज बघा, कार्बोरेटर खोलून धुवा, क्लचची आणि गिअरची केबल बदला, टायर-ट्यूब डोळे मिटून नवे घाला. आम्हाला हे सगळं मिळून साडेपाच हजारांत पडलं, कारण खादरभाईंनी मजुरी घ्यायला साफ नकार दिला. कागदपत्रं मात्र आक्कांनी चोख ठेवली होती. गाडी बोळात, पण विमा चालू.

शनिवारी संध्याकाळी चार लिटर पेट्रोल घातलं. मी गाडी जुन्या रिवाजाप्रमाणे एका बाजूला कलवली, सरळ केली, किक मारली. सातव्या किकला ती खोकली, आठव्याला धडधडायला लागली. आक्का दारातून टाळ्या वाजवत होत्या. मेघनाने व्हिडिओ काढला आणि म्हणाली, "ओके, साउंड क्यूट आहे."

रविवारी सकाळी सातला निघायचं ठरलं. मी हेल्मेट घालून तयार, आक्का मेघनाचं गुलाबी हेल्मेट घालून तयार. किक मारली. मागून असा धूर आला की समोरच्या घरातली बाई डास मारायचं यंत्र आलं समजून खिडक्या लावायला लागली. दोन मिनिटांत गाडी बंद. पुन्हा किक, पुन्हा धूर, पुन्हा बंद. मग धूरही येईना.

खादरभाईंनी प्लग काढला. काळाकुट्ट आणि तेलाने निथळणारा.

"तेल ज्यादा हुआ," ते म्हणाले. मग जरा थांबून, "मैं कल डाला ना."

इथे समजावून सांगते. या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्ये मोजून तेल मिसळावं लागतं. हल्ली पंपावर ते कुणी मिसळून देत नाही, आपलं आपण घालायचं. तेल विसरलं तर इंजिन जाम होतं. त्यामुळे आम्हा स्कूटरवाल्यांना आयुष्यात एकच भीती असते, ती म्हणजे तेल विसरण्याची. खादरभाईंनी पेट्रोलबरोबरच तेल घातलं होतं. हात धुवायला गेले आणि सांगायचं राहिलं. मी मागून येऊन, ते विसरले असतील म्हणून हळूच माझ्या बाटलीतलं घातलं. म्हातारा माणूस, त्यांना कशाला लाजवा!

"मी पण घातलं," मी कबूल केलं.

आम्ही दोघांनी आक्कांकडे पाहिलं. गुलाबी हेल्मेट खाली झुकलं.

"पहाटे उठून मी पण घातलं," आक्का म्हणाल्या. "तुम्ही दोघं आजकालचे. म्हटलं, विसरलाच असाल."

खादरभाई आजकालचे! मेघना हसून हसून पायरीवर बसली. आयुष्यभर थेंबाथेंबाने औषध देणारी मी, आणि एका स्कूटरला तिप्पट डोस दिला. पण हसता हसता मी घड्याळ पाहिलं. साडेसात वाजले होते आणि बाराला टेम्पो यायचा होता.

आक्कांनी हेल्मेट काढलं, आणि त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली.

"चार लिटरांत बारा लिटरांचं तेल पडलंय. टाकी आठाची, म्हणजे नुसतं वाढवून चालणार नाही. अर्धं काढा. दोन लिटर राहील, त्यांत सहा लिटरांचं तेल. वर चार लिटर कोरं पेट्रोल घाला. सहाला सहा. झालं! ह्यांत अवघड काय आहे?"

पंपावर जाऊन यायला वेळ नव्हता, मग कोरं पेट्रोल कुठून आणायचं? मेघनाने कालच तिच्या नव्या स्कूटरची टाकी भरली होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "नो वे, आत्ते." आणि पाच मिनिटांनी नळी आणून दिली. नवा प्लग, कार्बोरेटर पुन्हा साफ. साडेआठला गाडी सुरू झाली, धूर जेवढा असावा तेवढाच.

येलवाळपर्यंत रहदारी असते, पुढे हुणसूरचा रस्ता सोडून उजवीकडे वळलात की दोन्ही बाजूंना कावेरीच्या पाण्यावरची भातशेती सुरू होते. रस्ता चांगला आहे, मधून मधून न रंगवलेले गतिरोधक सांभाळा. मी चाळीसच्या वर गेले नाही. मागच्या सीटवरून आक्का माझ्या खांद्यावर टिचक्या मारत होत्या, एक टिचकी म्हणजे हळू, दोन म्हणजे गिअर बदल. पहिले दहा किलोमीटर मला राग आला. नंतर लक्षात आलं की प्रत्येक टिचकी बरोबर वेळेवर येतेय. मग मी त्यांच्याच भरवशावर चालवायला लागले. त्या कन्नडमध्ये गाणं गुणगुणत होत्या आणि मी फार खुशीत होते.

शाळेला सुट्टी, फाटकाला कुलूप. आक्का गजांना धरून उभ्या राहिल्या. आतल्या होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाकडे बोट दाखवत म्हणाल्या, "तिथं लावायची मी. दुपारी पोरं हिच्याभोवती बसून डबा खायची." मग त्यांनी पदराने डोळे पुसले. समोरच्या हॉटेलात आम्ही ताटलीएवढी तट्टे इडली खाल्ली, दोघींचे मिळून ऐंशी रुपये झाले.

परत निघताना गाडी सुरू होईना. मी चोक ओढला, गाडी कलवली, किक मारली. पुन्हा कलवली, पुन्हा किक. वीस झाल्या. पेट्रोलचा वास सुटला, माझा घाम निघाला. हॉटेलातले तीन-चार जण धक्का मारायला धावले. आपल्याकडे बंद स्कूटर दिसली की लोकांचे हात शिवशिवतात, ते तिथंही तसंच.

"बेडा! यारू मुट्टबेडी!" आक्का कडाडल्या. कुणी हात लावायचा नाही. सगळे जागच्या जागी थांबले, वर्गात थांबावेत तसे.

मग मला म्हणाल्या, "सरक. तापलेल्या गाडीला कुणी कलवतं का? पाजून पाजून बुडवलीस की तिला."

त्यांनी पेट्रोलची चावी बंद केली, चोक आत ढकलला आणि शांतपणे दोन मिनिटं थांबल्या. मी म्हटलं, "आक्का, गुडघा!" तर म्हणाल्या, "ऑपरेशनचा डावा आहे. किक उजव्याने मारतात." अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून एक किक. दुसरी. तिसऱ्या किकला गाडी गरजली. हॉटेलवाल्याने शिट्टी वाजवली.

"धक्का मारला नाही, अल्वा?" त्या मागे बसत म्हणाल्या.

तेव्हा मला उमगलं की गाडी भिंतीवर जाऊ नये, असं माझ्याइतकंच त्यांनाही वाटत होतं. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण भाचीला दुखवायचं नव्हतं, आणि एक फेरी हवी होती.

घरी पोचलो तेव्हा टेम्पो दारात उभा होता. आक्का उतरल्या, ड्रायव्हरला आत बोलावून कॉफी दिली आणि कन्नडमध्ये सांगितलं की गाडी सांगलीला दिली. मेघना कॅफेवाल्यांना फोन करायला आत गेली. जाताना माझ्या कानात म्हणाली, "मी इतकं हॅपी तिला कधी पाहिलं नव्हतं. थँक्स. पेट्रोल मात्र भरून द्या."

भरून दिलं. परराज्यातून गाडी आणणाऱ्यांनी तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला आधी घ्यावा, त्याला वेळ लागतो. रेल्वे पार्सलला टाकी पूर्ण रिकामी लागते आणि गोणपाटाचं पॅकिंग चांगलं लागतं. माझी गाडी महिन्याभराने मिरजेला उतरली, एकही ओरखडा न पडता.

आणि आता शेडमध्ये ती उभी आहे. माझी पद्धत अशी की गाडी आली की रंग खरवडून कंपनीचा मूळ रंग द्यायचा. हिचा मूळ रंग करडा, निळा आक्कांनी नंतर दिलेला. पॉलिश पेपर दोनदा हातात घेतला आणि दोनदा परत ठेवला. राहू दे निळीच. जाणकार मंडळींनी कमेंटमध्ये काय ओरडायचं ते ओरडावं.

दर रविवारी सकाळी मी आक्कांना फोन लावते, फोन मागच्या सीटवर ठेवते आणि किक मारते. त्या ऐकतात. परवा सहज म्हणाल्या, "कितव्या किकला?"

"पहिल्या," मी म्हटलं.

"खोटं. तिसऱ्या. मी मोजल्या," आक्का म्हणाल्या. "आणि तेल एकटीनेच घातलंस ना?"