पट्टीखालचं शेवटचं प्रकरण

"फोडू का?" दादाने पुस्तकातल्या कागदी पट्टीवर नख टेकवत विचारलं.

"हात तर लावून बघ!" खळबाई कडाडली. "परत आल्यावर फोडायची. तोवर नाही."

"आणि नाही आलो परत तर? खुनी कोण ते न कळताच जाऊ?"

"जीभ आवर, दादा."

अकरा वाजता त्याची छाती उघडणार होते आणि या बाबाला पडली होती पुस्तकातल्या खुन्याची! शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दोघांकडे टकामका बघत होता.

खळबाई ही त्याची धाकटी बहीण. वाचनालयात पुस्तकं बांधायचं काम करते, बोटांना कायम खळ लागलेली, म्हणून खळबाई. दादा शिंपी. तो कापड शिवणार, ही कागद. वाचनालयात काही महाभाग आधी शेवट वाचायचे आणि खुनी कोण ते टेबलापाशी सगळ्यांना सांगून मोकळे व्हायचे. त्यांच्या नावाने बोटं मोडून शेवटी खळबाईनेच उपाय काढला. रहस्यकथा बांधली की शेवटचं प्रकरण पातळ कागदाच्या पट्टीने बंद करायचं. तिथवर पोचलेल्याने पट्टी फोडावी, पुस्तक परत आलं की ही नवी लावणार. मागच्या पुठ्ठ्याच्या आत बांधल्याची तारीख ती पेन्सिलने टाकायची.

दोघा भावंडांना वेड एकाच तऱ्हेच्या पुस्तकांचं. खून आहे, पण हसून हसून पोट दुखतं. प्रेत मध्येच शिंकतं, गुप्तहेर रक्त बघून आडवा होतो, मेलेला माणूस आपल्याच खुनाची तक्रार द्यायला रांगेत उभा राहतो. लेखकाने सगळे नियम खुशाल मोडावेत, दादाची हरकत नसे. एकच मोडायचा नाही: खुनी पहिल्या पानापासून समोर असला पाहिजे. यात तो कुणाच्या बापाचं ऐकून घेत नसे.

हे वेड उगाच लागलेलं नव्हतं. ती दहा वर्षांची असताना वडील सकाळी दाढी करता करता आरशासमोर कोसळले, ते गेलेच. का, कसे, पोरांना कुणी धड सांगितलं नाही. 'हृदय' एवढा एक शब्द मोठ्यांच्या कुजबुजीत ऐकू यायचा. महिन्याभराने दादा असलं एक पुस्तक घेऊन आला आणि दोघं पांघरुणात तोंड खुपसून हसली. आत्याने दोघांना धपाटे घातले. पण त्या पुस्तकात शेवटी एक जण सगळ्यांना खोलीत बसवून माणूस का मेला ते सांगत होता. घरात तेवढंही कुणी केलं नव्हतं.

आणि आता दादाचं तेच हृदय. रिपोर्ट आला त्या सकाळी ती म्हणाली होती, "आजकाल असली ऑपरेशनं सगळ्यांचीच करतात," आणि तडक कामावर गेली होती. डोळ्यांत टिपूस नाही. "दगड आहेस नुसती," दादा म्हणाला होता, आणि ते तिला लागलं होतं.

अकराला त्याला नेलं. जाताना त्याने पुस्तक तिच्या हातात दिलं. "फसवायचं नाही हं. तू पण वाचायचं नाही."

तीन तास लागतील म्हणाले होते. दोन वाजले, अडीच वाजले. नर्स आली, "चालू आहे," म्हणाली, पण तिच्याकडे न बघता. ते न बघणं खळबाईच्या काळजात घुसलं. सव्वातीनला तिला राहवेना. नुसतं नाव बघून ठेवू, तिने ठरवलं. वेळ आलीच तर त्याच्या कानात तरी सांगता येईल. तिने पट्टीखाली अलगद नख घातलं.

पानावर मथळा होता: 'गुलाबाची छाटणी'.

तिने पुढची पानं उलटली. खत. कीड. कलम. तिच्या लक्षात आलं. हे बांधलं त्या दिवशी बागकामाचं पुस्तकही तिनेच बांधलं होतं. त्याचा फर्मा, पानांचा अख्खा जुडगा, यात शिवला गेला होता. तीस वर्षांत अशी चूक तिने कधी केली नव्हती. शकुन-अपशकुन मानणारी बाई नव्हे ती. पण ज्या शेवटासाठी परत ये म्हणून भावाला आत धाडलं, तो शेवट इथे नव्हताच. तिने थुंकी लावून पट्टी पुन्हा चिकटवली आणि पुस्तक मांडीवर दाबून बसून राहिली.

चारला डॉक्टर बाहेर आले. "वेळ लागला," ते म्हणाले, "पण झालं."

तिसऱ्या दिवशी दादा उशीला टेकून बसला आणि त्याने हात पुढे केला. "आण माझा खुनी."

"वाचनालयात मागितलंय ते..."

"दे म्हणतो ना!"

त्याने पट्टी फोडली. वाचलं. भुवया वर गेल्या. पान उलटलं, परत मागे आला. मग मागचा पुठ्ठा उघडला आणि बराच वेळ तिथेच बघत राहिला. खळबाईला वाटलं, आता रागावणार.

"सिस्टर, जरा या इकडे," तो म्हणाला. "आजोबा, तुम्हीही उठून बसा. खुनी याच खोलीत आहे."

नर्स हातातलं काम टाकून आली. म्हातारा खरंच उठून बसला.

"या पुस्तकाचा खून झालाय. आणि करणारी पहिल्या पानापासून आपल्यासमोर आहे." त्याने बहिणीकडे बोट दाखवलं. म्हातारा खो खो हसला, दादाही छातीशी उशी धरून हसला. मग त्याने पेन्सिलची ती तारीख दाखवली आणि त्याचं हसू ओसरलं.

"माझा रिपोर्ट आला तो दिवस आहे हा."

खळबाई बोटांवरची वाळलेली खळ खरवडायला लागली.

"एवढी घाबरली होतीस? आणि मी तुला दगड म्हणालो."

तेव्हा तिचा बांध फुटला. ती त्याच्या पांघरुणात तोंड खुपसून हमसाहमशी रडली. दहाव्या वर्षी राहून गेलेलं रडणंही त्यातच आलं. दादाचाही आवाज कापायला लागला.

"तू नको रडूस," ती तशीच म्हणाली, "टाके उसवतील."

"उसवू देत," तो म्हणाला. "घरात शिवणारी दोघं आहोत."