विंगेतला पहिला शब्द

एक नाव विसरणं माणसाला किती महाग पडावं? तुम्हाआम्हाला ते फुकट पडतं. आमच्या तात्यांचं मात्र त्यापायी संध्याकाळचं स्टेशनापर्यंतचं फिरणं गेलं, मंडळाच्या तालमी गेल्या, झोप गेली. झालं होतं एवढंच: केळझरच्या गणपतीला एक जुने नट समोर आले, पाया पडले, आणि तात्यांना त्यांचं नाव आठवेना. परतीची बस सुटायच्या आत ते आठवलंही. पण ते जमेस कोण धरतो!

तात्या म्हणजे पुलगावच्या आमच्या हौशी नाट्यमंडळाचे प्रॉम्प्टर. दिवसा गिरणीत कारकुनी, संध्याकाळी तालीम, असं त्यांचं आयुष्य गेलं. यंदा त्यांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत, म्हणून हा गौरव अंक. सत्काराचा मंडप ठरला आहे. सत्कारमूर्ती त्यात येतील का, याचीच धाकधूक आहे.

माझी त्यांची पहिली ओळख रंगमंचावर झाली. मी तेव्हा पंक्चर काढून पोट भरणारा पोरगा. मला शिपायाचं काम मिळालं होतं, वाक्य एकच, आणि नेमकं तेच गेलं. विंगेकडे पाहिलं, तर तात्या शांत. लोक खाकरू लागले. मग विंगेतून फक्त “महाराज” एवढाच शब्द आला, आणि उरलेलं वाक्य माझं मलाच सापडलं.

“तात्या, इतका उशीर काऊन केला?” मी नंतर चिडून विचारलं.

“शब्द गेला नव्हता गा, वाटेत होता. घाई केली का तो बिचकते.”

तात्यांनी कुणालाही पुरं वाक्य कधी सांगितलं नाही. आधी थांबायचं, मग पहिला शब्द द्यायचा, ही त्यांची रीत. नायक भर प्रयोगात अडखळले तर दुसऱ्या दिवशी तात्याच गावभर सांगत, “वहीचं पान माझ्याकडून चुकलं.”

पुढे मी मोठ्या भूमिका केल्या, सायकलचं दुकान काढलं. मला जगवलं ते कानानं. चाकाच्या आवाजावरून कोणता आरा सैल आहे ते मी सांगतो, आणि एकदा कानावर पडलेलं वाक्य माझ्याकडून निसटत नाही, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

सत्काराचं आमंत्रण घेऊन गेलो तेव्हा तात्या म्हणाले, “मी येत नाई. भाषणात एखादं नाव राह्यलं, तं लोक म्हणतीन, म्हातारा गेला कामातून. माझ्या बापाचं असंच सुरू झालं होतं. शेवटी त्याले मी ओळखू येत नव्हतो.”

यावर बोलल्या त्या माई, तात्यांच्या पत्नी. “मी सकाळपासून चष्मा शोधून राह्यली. सापडन तेव्हा सापडन! ह्यायचं एक नाव अडलं का दिवसभर त्याच्याच मागं लागतात, मंग बाकीचीबी पळतात.”

माई जवळपास त्यांच्याच वयाच्या. विसरतात त्याही, पण विसरणं त्यांना चिकटत नाही.

मी धीर करून म्हटलं, “तात्या, आमचा शब्द वाटेत असतो, अन् तुमचाच काऊन मेला?”

ते हळूच म्हणाले, “विंगेत कोण राहीन?”

“मी.”

“तू घाई करशीन.”

“नाई करणार.”

काल त्यांच्या ओसरीवर तालीम घेतली. आधी माझं प्रास्ताविक, मग त्यांचं उत्तर. ओसरीवर ऐकायला एकट्या माई होत्या, मंडपात सारं गाव असेल. ती धास्ती मलाही आहे. तात्यांना निरोगी आयुष्य लाभो, माईंची बेफिकिरी थोडी त्यांच्याही वाट्याला येवो, आणि आम्हा अडखळणाऱ्यांसाठी विंगेत थांबणारा हा माणूस खूप वर्षं तिथे असो.

कालच्या तालमीत पहिला शब्द दोनदा द्यावा लागला. दोन्ही वेळा तो तात्यांनी मला दिला.