धावड्याची बॅट

आमच्या घरात हत्यार फेकायची पद्धत नव्हती. लाकूड तासायचा वाकस असो, पटाशी असो की खिळे उपटायचा साधा चिमटा, काम झालं की तो हातानं खाली ठेवायचा. पाय लागला तर वाकून नमस्कार करायचा. लहानपणी एकदा रागाच्या भरात मी आईची फुंकणी चुलीपुढे भिरकावली, तर बाबांनी मला समोर बसवून फुंकणीची माफी मागायला लावली. "माफ कर बाई" असं एका लोखंडी नळीला म्हणायचं! मी म्हटलं, पण दात खाऊनच म्हटलं. राग मला तेव्हाही लवकर यायचा, आताही येतो.

आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरातले सुतार. बाबा बैलगाड्या, तिफणी, वखरं करायचे. भाऊ माझ्याहून मोठा, शाळेत बेताचा, आणि विटी-दांडूत मात्र सगळ्या आळीत पहिला. मोर्णा नदीच्या कोरड्या पात्रात तो विटी मारायचा तेव्हा ती शोधायला आम्ही पलीकडच्या काठापर्यंत जायचो. साठ सालानंतरच्या एका वर्षी त्याच्या शाळेत नवे ड्रिल मास्तर आले. अमरावतीला शारीरिक शिक्षणाचे धडे घेऊन आलेले, आणि येताना बेसबॉल नावाचं एक खूळ बरोबर घेऊन आलेले. एकानं चेंडू फेकायचा, दुसऱ्यानं दांडक्यानं मारायचा आणि चार कोपऱ्यांना शिवून, चेंडू पोचायच्या आत, निघालो तिथं परत यायचं. अकोल्यात तो खेळ कुणाच्या बापजाद्यानं पाहिला नव्हता.

मास्तरांनी भावाची विटी पाहिली आणि त्याच संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. म्हणाले, "हा पोरगा मला द्या. निवड झाली तर अमरावतीला राहणं-खाणं फुकट, पुढं माझ्यासारखी नोकरी. फक्त याच्यासाठी एक बॅट करून द्या."

"पोरायचे दांडू कराले मी का रिकामा बसलो?" बाबा म्हणाले.

पण केली. गाडीच्या आसासाठी वर्षानुवर्षं जपलेला धावड्याच्या चिवट लाकडाचा तुकडा त्यांनी माळ्यावरून काढला. रंधा मारला, काचेनं खरवडला, जवसाचं तेल पाजलं. गाडीच्या चाकावरही मी त्यांना एवढा जीव लावताना पाहिलं नव्हतं. बॅट हातात देताना म्हणाले, "मायसारखी सांभाळजो." भावानं ती आधी कपाळाला लावली.

मग आमचा सराव सुरू झाला. आमचा म्हणते, कारण चेंडू एकच होता आणि तो मास्तर कुलपात ठेवायचे. त्यामुळे रोज सकाळी भावाला मारायला मी किडकी, न उकललेली कापसाची बोंडं फेकायचे. "ये पोट्टे, नीट फेक!" तो ओरडायचा. "तू नीट मार!" मी ओरडायचे. बोंड मारता आलं की चेंडू म्हणजे भोपळाच. पण विटी जमिनीवरून उचलायची असते, त्यामुळे भाऊ प्रत्येक वेळी खाली वाकून वर उपसायचा. मास्तरांनी त्याच्या कमरेला उपरणं बांधून मागून धरलं. तो वाकायला गेला की ते ओढायचे. महिनाभर असा दावणीला बांधल्यासारखा मारत राहिला आणि हळूहळू त्याचा फटका सरळ झाला.

मारण्यावर मास्तरांचं समाधान नव्हतं. "मारणारे ढिगानं येतील," ते म्हणायचे. "निवडणारे बघतात, हा पोरगा कुठं कुठं उभा राहू शकतो." म्हणून एक आठवडा मारणाऱ्याच्या मागे उकिडवं बसायचं, पुढचा आठवडा पहिल्या कोपऱ्यावर, मग दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये, मग पार लांब. उकिडवं बसणं सुतारपोराला नवं नव्हतं. लांबचे झेल त्यानं विट्यांवरच शिकले होते. जड गेलं ते मधल्या जागेवर. मोर्णेकाठच्या गोट्यांवरून चेंडू कसाही उसळायचा, एकदा ओठ फाटला, तरी गडी हटला नाही. हातात मोज्यासारखं जे होतं ते मोच्यानं चपलेच्या चामड्याचं शिवलेलं आणि आत कापूस कोंबलेला. पावसात भिजलं की फुगायचं. पावसाळा सरेपर्यंत त्याला कुठल्याही जागी उभं करा, तो तिथलाच वाटायचा. मला त्याचा इतका अभिमान होता की शेजारच्या पोरींशी मी उगीच भांडायचे.

एकच खोड जाईना. चेंडू मारला की बॅट तिथंच टाकून पळायचं असतं. भाऊ मारायचा, वाकायचा, बॅट दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवायचा आणि मग धावायचा. तेवढ्यात चेंडू पहिल्या कोपऱ्यावर पोचलेला असायचा.

"बाळ निजवून राह्यला का रे?" मास्तर कडाडायचे. "फेक ती!"

"सर, बाबानं केलेली हाय."

शेवटी मास्तरांनी सरकीचं पोतं आणून बाजूला टाकलं. यावर फेक, म्हणाले. पोत्यावर फेकायला भावाचं मन कसंबसं तयार झालं. मग एक दिवस पोतं नव्हतं, आणि भावानं फेकली. आवाज ऐकून मीच डोळे मिटले. घरी येताना तो म्हणाला, "बाबाले सांगू नको." मी शपथ घेतली.

त्या वर्षी खंडेनवमीला बाबांनी हत्यारं धुऊन पाटावर मांडली. वाकस, करवत, रंधा, पटाश्या. मग भावाला म्हणाले, "तुही बॅट आण." बॅटीला कुंकू लागलं, झेंडूचं फूल वाहिलं. भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. आईला वाटलं, आनंदाचं.

थंडीत अमरावतीला निवडीचा सामना ठरला. बाबा येतो म्हणाले. जन्मात खेळ पाहिला नव्हता या माणसानं! धुतलेलं धोतर, टोपी, आणि सोबत मी, कारण मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही पोचलो. मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली बाबा मांडी घालून बसले आणि बॅटीकडेच बघत राहिले.

आधी भावाला सगळ्या जागांवर फिरवून पाहिलं. कुठंच कमी पडला नाही. निवड करणारे एकमेकांकडे बघून माना हलवत होते. मास्तरांनी लांबूनच हसत मला मूठ दाखवली. आता फक्त मारायचं राहिलं होतं.

भावानं मारलं. बाबा म्हणाले, "आयक, लाकूड कसं बोलते!" चेंडू खेळणाऱ्यांच्या डोक्यांवरून पार कुंपणाकडे गेला. भावानं बॅट फेकली आणि सुटला. बॅट दगडावर आपटून दोन कोलांट्या खाऊन पडली. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा. मी उभी राहून किंचाळत होते. बाजूला बघते तर बाबा जागेवर नाहीत.

ते चुन्याची रेघ ओलांडून आत गेले होते. जिथं भावाला परत पोचायचं होतं, नेमके तिथं वाकून त्यांनी बॅट उचलली आणि धोतराच्या सोग्यानं पुसू लागले. भाऊ पूर्ण वेगात येत होता. परत फेकलेला चेंडू अजून हवेत होता. बाबांना धक्का देऊन तो पाय टेकवू शकला असता.

तो थांबला.

चेंडू आला, कुणीतरी त्याच्या पाठीला टेकवला आणि शिट्टी वाजली. बाबांनी मान वर केली. सगळ्यांसमोर विचारलं, "काहून फेकली रे?"



निवड करणारी माणसं वाईट नव्हती. म्हणाले, पुन्हा मारू द्या मुलाला. पण बाबा बॅट काखेत घेऊन कडुनिंबाखाली येऊन बसले होते. भावानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मागितली असती तर त्यांनी दिली असती की नाही, मला ठाऊक नाही. त्यानं मागितली नाही. ढिगातली एक रंगवलेली, हलकी बॅट उचलली आणि मिळालेले तीनही चेंडू हुकवले. मग ती परकी बॅटसुद्धा त्यानं वाकून, दोन्ही हातांनी, अलगद खाली ठेवली. मास्तरांनी तोंड फिरवलं.

परतीच्या गाडीत बाबांनी विचारलं, "हारले का रे तुमी?"

"नाही, जिंकलो."

"मंग तोंड काहून पाडलं?"

"ऊन लागलं," भाऊ म्हणाला. दिवस थंडीचे होते.

निवडीत त्याचं नाव आलं नाही. तो बाबांच्या हाताखाली बसला आणि चांगला सुतार झाला. खेळाचं नाव पुन्हा काढलं नाही. बाबा मात्र दर खंडेनवमीला बॅट पाटावर मांडायचे आणि तिच्यापुढे जरा जास्तच वेळ हात जोडून बसायचे. मला त्याचा संताप यायचा. ज्याचं नशीब तुम्ही काखेत मारून आणलं त्याच्यासमोर हे कसले देव्हारे, असं तोंडावर यायचं, आणि भावाकडे बघून मी गिळायचे.

मी लग्न होऊन तेल्हाऱ्याला गेले. काही वर्षांनी बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी महिनाभर माहेरी राहायला आले. एका दुपारी भाऊ लाकडं आणायला गेला होता. बाबा छताकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी मी उठलो नसतो तं पोट्टा नोकरीले लागला असता न?"

मी हातातली वाटी खाली ठेवली. "तुमाले कोनं सांगतलं?"

"मास्तर आला होता, आठ दिवसानं. फेकाचीच असते म्हने ते. म्या त्याले म्हटलं, मले मालूम हाय हे पोराले कळू देऊ नका."

"मंग दर साली पूजेत काहून ठेवता तिले?"

बाबा म्हणाले, "बापानं पोराची माफी कशी मागाव, मले येत नाही. बॅटीची मागतो." मग माझा हात धरला. "त्याले सांगू नको."

मी त्यांच्या पायथ्याशी बसून हुंदके देऊन रडले. इतकी वर्षं त्यांच्यावर धरलेला राग कुठं ठेवावा, तेच मला कळेना.

बाबा गेले. त्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मी माहेरी होते. भावानं हत्यारं मांडली. बॅट हातात घेऊन तो जरा थांबला. म्हणाला, "बाबाले कधी समजलं तं नाही न, त्या दिवशी का झालं ते?"

दोघांनीही मला सांगू नको म्हणून बजावलं होतं. मी म्हटलं, "नाही."

"बरं झालं," भाऊ म्हणाला. "लई जीवाले लावून घेतलं असतं त्यायनं." आणि त्यानं बॅट दोन्ही हातांनी पाटावर ठेवली.