पडताळणी झालेला माणूस

आप्पांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि घरी आणल्यावर त्यांना उठवायला-बसवायला माणूस शोधणं आलं. आई नव्हती, मी नोकरीवर. कोथरूडमध्ये आमच्या घराजवळच एक ब्यूरो होता. पाटीवर लिहिलेलं, 'प्रशिक्षित व पोलीस पडताळणी झालेले सेवक'. संचालक सफारी घालून बसायचे आणि मागच्या भिंतीवर त्यांचेच सत्काराचे फोटो. आजारी माणसाचा एकही फोटो नव्हता, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्यांनी पाठवलेला माणूस धायरीचा, चाळिशीचा. जमीन विकून झाल्यावर मिळेल ते काम करणारा. पहिल्याच सकाळी त्याने आप्पांना आडवं ठेवूनच चहा पाजला. आप्पांना असा ठसका लागला की चेहरा काळानिळा झाला. मी धावत जाऊन त्यांना उठवून बसवलं. श्वास ताळ्यावर आल्यावर आप्पांनी त्याला समोर उभं केलं. आप्पा पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. निम्मी नोकरी लोकांच्या चारित्र्याची चौकशी करण्यात गेलेली.

"तुझी पडताळणी झाली आहे?"

"झाली की सायेब. कागद हाय ब्यूरोत."

"घरी चौकशीला कोण आलं होतं?"

"कुनीच न्हाई. संचालकांनी आधार कार्ड घेतलं आन् म्हनले, झालं."

"आणि प्रशिक्षण?"

"येक व्हिडिओ दावला. मंग चहा-बिस्किट. मंग फोटो काढला."

मी तडक ब्यूरोत गेले. संचालकांना म्हटलं, पलंगावरच्या माणसाला खुर्चीत कसं बसवतात, तेवढं दाखवा.

"मॅडम, ते आमच्या ट्रेनर बाई दाखवतात."

"कुठे आहेत त्या?"

"सध्या अमेरिकेत असतात, मुलीकडे."

"आणि पोलिसांची पडताळणी?"

"अहो, इतकी वर्षं या धंद्यात आहे. माणूस बघितला की कळतं." मग आवाज मऊ करून म्हणाले, "आपल्या वडिलांना काही झालं का? नाही ना? मग?"

अशा माणसाशी भांडणंसुद्धा त्याचा मान राखण्यासारखं असतं. मी उठून आले.

मला वाटलं, आप्पा त्या माणसाला घालवून देतील. ते म्हणाले, "आधी चौकशी होऊ दे. तू धायरीला जा."

"मी?"

"माझा पाय धड असता तर तुला सांगितलं नसतं. ज्याचं याच्याशी बोलणं नाही असा शेजारी शोध. बाकीचे गोडच बोलतील."

असा शेजारी सापडायला वेळ लागला नाही. भिंतीला भिंत लागून राहणारी एक बाई उंबऱ्यावरूनच म्हणाली, "वाटणीपायी चुलतभावाच्या डोक्यात काठी घातली त्यानं. केस झाली व्हती, मंग मिटली."

"दारू पितात का?"

"न्हाई पीत. चोरीचंबी काय न्हाई. पन डोकं गरम."

घरी येऊन मी हे त्याच्यासमोरच सांगितलं. तो मान खाली घालून म्हणाला, "खरं हाय."

"ब्यूरोत का नाही सांगितलंस?" आप्पांनी विचारलं.

"कुनी इचारलंच न्हाई."

आप्पांनी त्याला ठेवून घेतलं. मला ते पटलं नव्हतं. पहिले काही दिवस मी सुट्टी काढून घरीच बसले. व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंना आम्ही विनंती केली आणि त्यांनी आम्हा दोघांनाही शिकवलं: गुडघे कसे वाकवायचे, कमरेचा पट्टा कुठे धरायचा, बसवल्याशिवाय घोटभर पाणीही का द्यायचं नाही. त्याच्याआधी मीच कंटाळले. तो मात्र पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

ब्यूरो आम्ही सोडला. संचालकांचा फोन आला, "बाहेरून माणूस ठेवलात तर गॅरंटी आमची नाही."

"तुमची होती कधी?" मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आप्पा वॉकर घेऊन फाटकापर्यंत जायला लागले, तेव्हा आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ त्याला आपल्या घरी ठेवावं का, याची चौकशी करायला आले. आप्पांनी काठीच्या केससकट सगळं सांगितलं. गृहस्थ दचकले. "केस असलेला माणूस घरात नको," म्हणाले आणि त्याच ब्यूरोतून कागदवाला माणूस घेऊन आले. आप्पा त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. तसे ते फक्त मूर्खांच्या बाबतीत गप्प बसत.

विश्रांतवाडीच्या एका अंथरुणाला खिळलेल्या आजीबाईंच्या मुलानेही त्याच्यासाठी फोन केला होता. त्याने काठीच्या केससकट सगळं ऐकून घेतलं, दोन-तीन प्रश्न विचारले आणि म्हणाला, "सोमवारपासून पाठवा."