सात नंबरचा तुकडा

“चौदा महिने झाले,” बायको म्हणाली. “चौदा महिन्यांत माणूस होडी घेईल, चालवील आणि कंटाळा आला म्हणून विकूनसुद्धा टाकील.”

“घाईत घेतलेल्या वस्तू दुकानात परत कशा येतात, ते मी रोज बघतो.”

“तुम्ही पडदे कापता. परत आलेला पडदा उशीच्या अभ्र्याला तरी लागतो. माझ्या भावाची होडी तळ्याच्या मधोमध फसकन बसली, तर त्याचं काय शिवणार आहात?”

भाऊ तिथेच टेबलाच्या कोपऱ्याशी बसून, हे बोलणं आपल्याबद्दल नाहीच असं दाखवत चहा पीत होता. तळ्यापलीकडच्या चाळीसेक घरांना दूध आणि टपाल पोचवण्याचं काम त्याच्याकडे होतं. त्याची हवा भरायची जुनी होडी उन्हाने आधी चिकट झाली, मग जोडावर तडकली. तेव्हापासून तो दुसऱ्याची होडी मागून दिवस काढत होता आणि तो दुसरा आता फोन उचलत नव्हता. सोमवारी, म्हणजे उद्याच, स्वतःची होडी बनवायला दिल्याचा कागद टपाल कचेरीत दाखवला नाही, तर काम दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं.

आणि ही होडी कुठल्या कापडाची घ्यायची, हे ठरवायचं काम त्याने विश्वासाने भाऊजींवर सोपवलं होतं. भाऊजींना कापडातलं कळतं अशी घरात समजूत होती. ती पसरवली होती भाऊजींनीच.

गल्लीत त्यांना नमुनासाहेब म्हणतात. तीस वर्षं पडद्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे कापडाचे नमुने उलगडल्यामुळे हे नाव पडलं, असं ते समजतात आणि त्यांचा हा समज कुणीही मोडलेला नाही. छत्री घ्यायची तर ते ती दुकानातल्याच नळाखाली धरतात. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर तीन रंगांचे तीन चौकोन सहा वर्षं तसेच आहेत, पाहुण्यांना ती सजावट वाटते. लग्न ठरण्याआधी ते बायकोला बघायला तीनदा गेले होते, तिसऱ्यांदा भर दुपारी, आणि तिला खिडकीपाशी बसवलं होतं. “दोरीवर टांगायची तेवढी राहिले,” असं ती बहिणीला सांगते.

होडीवाल्याने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, “रोज उन्हात राहणार असेल तर हायपेलॉनची घ्या. रबरासारखं असतं, त्याला ऊन लागत नाही. पीव्हीसी दिसायला छान, पण ऊन खाऊन खाऊन चिकट होतं.” सगळं मिळून अर्धं मिनिट. ते अर्धं मिनिट नमुनासाहेबांच्या मनाला लागलं. असल्या गोष्टी अर्ध्या मिनिटात कळायला लागल्या, तर मग त्यांनी करायचं काय?

त्यांनी अकरा तुकडे मागून आणले, मागे आकडे घातले आणि गच्चीतल्या कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून टांगले. तेव्हापासून घरातल्या चादरी खुर्च्यांवर वाळतात. दर रविवारी सकाळी ते तुकडे खाली आणून टेबलावर मांडतात, नखाने खरवडतात, दुमडतात, हुंगतात, आणि संध्याकाळपर्यंत वहीत लिहितात: “क्रमांक चार. रंग जसाच्या तसा. चिकटपणा नाही.” सात नंबरपुढे पहिल्याच आठवड्यात “वाऱ्याने नेला” असं लिहून त्यांनी लाल रेघ मारली होती.

आत्ताही तुकडे टेबलावरच होते. नमुनासाहेबांनी वही मिटली.

“निकाल लागलेला आहे. दहाच्या दहा तुकडे नव्यासारखे. ऊन ऊन करून लोक उगाच घाबरवतात. चार नंबर घ्यायचा. साधं पीव्हीसी, तांबडा रंग, लांबून उठून दिसेल.”

“जुनी पण पीव्हीसीचीच होती, भाऊजी,” मेव्हणा हळूच म्हणाला.

“तिची चाचणी कुणी केली होती?”

“मी. आठ वर्षं.”

“तशी नव्हे, पद्धतशीर.” त्यांनी तांबडा तुकडा खिडकीशी बसलेल्या आईसमोर धरला. “तूच सांग, आई. चौदा महिने उन्हात राहून रंग जरा तरी उतरलाय का?”

“उतरेल कसा?” आई म्हणाली. “मी उतरू देते का?”

“म्हणजे?”

“तू दुकानात गेलास की काढून आणते. रंगीत कापड उन्हात वाळवायचं नसतं, हे तुला लहानपणापासून सांगतेय. जिन्यात सावलीला लावते. तू यायच्या आधी परत वर नेते, नाहीतर तू चिडतोस.”

“रोज?”

“गुडघा सुजला होता तेव्हासुद्धा. रविवारी तूच काढतोस, म्हणून मला रविवारची सुट्टी.”

मेव्हण्याने कप खाली ठेवला. बायको उठली, गच्चीवर गेली आणि करड्या रंगाचा, धुळीने माखलेला एक तुकडा घेऊन आली. तो तिने चिंधीने पुसला. मागे सात हा आकडा होता.

“हा तुमचा वाऱ्याने नेलेला. टाकीचं झाकण सारखं वाजायचं, म्हणून मी फटीत सारला होता. अर्धा झाकणाखाली, अर्धा बाहेर उन्हात. तिथे आईंचा हात पोचत नाही.”

नमुनासाहेबांनी तो खरवडला, दुमडला, हुंगला, उलटासुलटा करून उजेडात धरला. कुठला अर्धा भाग उन्हात होता आणि कुठला झाकणाखाली, ते त्यांना सांगता येईना.

“हायपेलॉन ना हे?” मेव्हण्याने विचारलं.

“एका तुकड्यावरून काही सिद्ध होत नाही,” नमुनासाहेब म्हणाले आणि त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं. “उद्यापासून सगळं नव्याने लावू. गच्चीच्या दाराला कुलूप घालायचं. फार तर वर्षभर लागेल.”

मेव्हण्याने बहिणीकडे पाहिलं. तिने टेबलावरचे दहा तुकडे गोळा केले आणि सासूच्या मांडीवर ठेवले.

“आई, हे कपाटाच्या खणांत अंथरायला घ्या,” ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, पण आवाज न चढवता सांगितलं, “होडी सात नंबरची. उद्या दहा वाजता मी आणि हा होडीवाल्याकडे जाणार, तिथून टपाल कचेरीत. उद्यापासून दोरीवर चादरी वाळतील. पांढऱ्या उन्हात, रंगीत जिन्यात.”