तिकटीवरून आणलेली काळी

आमच्या गोजराक्काचं नाव काढलं की बंगलोरच्या चामराजपेटेतल्या बायका अजून "काय देवमाणूस!" म्हणतात. म्हणोत बापड्या. देवमाणसाबरोबर एका चुलीवर राहिलं की मग कळतं. देवमाणूस तिकटीवरचा उतारा उचलून घरी आणतो का? हिनं आणला. तोही जिवंत!

गोजराक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. थोरले दीर लवकर वारले, पदरी मूल नाही, म्हणून ती आमच्यातच राहिली. आमच्यात म्हणजे काय, घर तिचंच, मीच मागून आलेली. घरामागं लांबट परस, त्यात शेवग्याचं झाड आणि झाडाखाली तिचं खुराडं. सकाळी फळी काढून "बा बा बा" म्हटलं की कोंबड्या तिच्या पायांत लुडबुडायच्या. मला कधी सांगायची नाही अशा गोष्टी ती त्यांना सांगायची.

कोंबडी खुडूक झाली की हिचा सण. टोपलीत भाताचं तूस घालायचं, एकेक अंडं दिव्यासमोर धरून पारखायचं, कोळशानं त्यावर रेघ ओढायची, ढगांच्या गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून मधे एक लोखंडी खिळा ठेवायचा. मग पिल्लं फुटेपर्यंत त्या टोपलीजवळून आम्ही चोरासारखं चालायचं. "स्वल्प हळू ग, कस्तुरा," म्हणायची. माझ्या बाळंतपणातसुद्धा माझ्याजवळून इतकं हळू कुणी चाललं नव्हतं.

तर ही एक्कावन्न सालची गोष्ट. आम्ही दोघी भाजी घेऊन परतत होतो. भर दुपार. तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, लिंबू, हळदकुंकू आणि पाय बांधलेली एक काळी कोंबडी. कुणाच्या तरी आजाऱ्यावरून ओवाळून टाकलेली. ओवाळलं की अंगातलं दुखणं कोंबडीत उतरतं आणि जो तिला उचलेल त्याच्या घरी जातं, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी पदर सावरून लांबून वळसा घातला. मागं वळून बघते तर बाईसाहेब रस्त्यात बसून सुतळी सोडतायत.

"अक्का! टाक ती! टाक म्हणते ना!"

"चोच वासून पडलीय ग उन्हात. कुत्री फाडतील."

"फाडू देत की. त्यासाठीच टाकलीय."

"मला नाही बघवत," ती म्हणाली आणि कोंबडी काखेत घालून चालायला लागली. रस्त्यातली माणसं आमच्यापासून बाजूला होत होती. बोडक्या मानेची कोंबडी होती ती. पिसं काळीकुट्ट, पायही काळे, आणि मानेवर नुसतं लालभडक कातडं. काय रूप! मी आठवडाभर जावेशी बोलले नाही.

ती कुणावरून ओवाळलेली ते लवकरच कळलं. आमच्यापासून तीन घरं टाकून पद्मावती राहायची. तिचा नवरा विश्वासराव गिरणीत होता. दोन मुलं दगावल्यावर झालेला सयाजी हा एकुलता एक, पाच वर्षांचा. त्याचा ताप काही केल्या हटत नव्हता आणि ज्या दुपारी कोंबडी ओवाळून टाकली, त्याच संध्याकाळी उतरला. पोरगं उठून बसलं, खायला मागायला लागलं. म्हणून पद्मावती आमच्याकडे अंडी मागायला आली आणि परसात बघते तर काय, काळी मजेत माती उकरतेय.

ज्यानं उतारा सांगितला होता त्या माणसाकडे ती तशीच धावत गेली. तो म्हणाला, कोंबडी तिकटीवरच मेली असती, तर सगळं तिच्याबरोबर संपलं असतं. आता कुणी घरी नेऊन दाणापाणी घातलंय, तर मुलातून निघालेलं तिच्यात ठाण मांडून बसणार. ती जगेल तोवर बसेल. मेली की उठेल आणि आपलं जुनं घर शोधत येईल.

पद्मावतीनं येऊन अक्काचे पाय धरले. "तू उचललीस, आता तूच सांभाळ. हिला काही होऊ देऊ नकोस. माझा सयाजी तुझ्या ओटीत घातला असं समज."

"सरी," अक्का म्हणाली. काय बाई, विचार नाही, पाचार नाही, कानडीतलं 'बरं' म्हणून मोकळी, सरी! कोंबडी काय शंभर वर्षं जगते?

तेव्हापासून पद्मावती रोज सकाळी मागच्या दाराशी यायची. माझ्याकडे बघायची नाही, "कशी आहेस" म्हणायची नाही. आधी काळीकडे बघायची. मूठभर रागी, म्हणजे नाचणी, टाकायची, काळीनं टिपली की तिचा जीव भांड्यात पडायचा, मग जायची. मी चिडायचे. मला तिची दया यायची आणि दया आली की मला रागच येतो, काय करू!

सयाजी मात्र आमच्या घरचाच झाला. शाळेतून आला की पाटी टाकून थेट परसात. अक्का त्याच्या तळहातावर नुकतं फुटलेलं पिल्लू ठेवायची आणि ते चिवचिवलं की हा खिदळायचा. ती त्याच्याकडे बघत बसायची. जन्मभर पोरासाठी झुरलेली बाई ती. तिचं तोंड तेव्हा बघवत नसे मला.

पण तिच्या मनात भीती शिरली होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. ती काळीचीच अंडी बसवायला लागली. पिल्लं मोठी झाली की बाकीची देऊन टाकायची आणि काळ्या रंगाची, बोडक्या मानेची तलंग, तरणी कोंबडी, निघाली तर तेवढी ठेवून घ्यायची. त्यातली एक तिनं चंपाकडे सांभाळायला दिली. चंपा आम्हाला कोरमंगलेहून दूध घालायची. तेव्हा तिकडं नुसती शेतं आणि तळं. मी म्हटलं, "घरात जागा नाही का?" तर म्हणाली, "एक लांब असू दे."

छप्पन सालात कोंबड्यांची रोगराई आली. माना वाकड्या करून कोंबड्या गरगर फिरायच्या आणि पडायच्या. गल्लीतली खुराडी रिकामी झाली. आमच्या सगळ्या गेल्या, काळी शेवटी. अक्का तिला मांडीवर घेऊन, चोचीत पाणी सोडत बसली होती. दुपारी तिनं मान टाकली. मी सयाजीच्या नावानं मनात देव आठवले. हो, मीच, उगाच कशाला खोटं बोलू?

अक्कानं तिला शेवग्याखाली पुरलं आणि पद्मावतीला निरोप धाडला, की रोग लागट आहे, दोन दिवस इकडे फिरकू नकोस. मग ही बाई उन्हातान्हाची कोरमंगलेला चालत गेली आणि पाटीत झाकून तिथली तलंग घेऊन आली. पद्मावती आली तेव्हा परसात काळी उभी. तशीच बोडकी मान, तसेच काळे पाय.

"रोगानं बारीक झाली का ग?" पद्मावतीनं विचारलं.

"झाली स्वल्प," अक्का म्हणाली. मी मान खाली घालून भांडी घासायला घेतली.

मला वाटलं, सुटलो. सयाजी तर ठणठणीत होता. मी अक्काला म्हटलं, "बघ, काळी मेली आणि पोराला काय झालं? काही नाही. सगळं थोतांड."

ती हळूच म्हणाली, "मग ते गेलं कुठं?"

तिला वाटत होतं, काळीतून ते उठलं, पोरापर्यंत पोचलं नाही, म्हणजे आमच्याच घरात कुठंतरी आहे. परसात, माजघरात, नाहीतर तिच्या स्वतःच्या अंगात, तिनंच मरताना मांडीवर घेतली होती म्हणून. त्या दिवसापासून तिनं सयाजीला जवळ घेणं सोडलं. तो परसात आला की ती पाठ फिरवायची. पिल्लू मागितलं तर खेकसायची, "जा घरी, अभ्यास कर!" पोरगं हिरमुसून माझ्याकडे यायचं. "अक्का माझ्यावर का रागावली?" मी त्याच्या हातावर गूळ ठेवायचे. तो गेला की ही शेवग्याकडे बघत उभी. भरदुपारी मला म्हणायची, "ऐकलंस? काळी कुरकुरतेय." ऐकायला काही नसायचं. पण खरं सांगते, ती तसं म्हणाली की मीही कान द्यायचे, आणि मग एकटीनं परसात जायला माझे पाय धजायचे नाहीत.

दुसरी काळीही काही वर्षांनी म्हातारी होऊन गेली. तोवर तिची पिल्लं होतीच, तिसरी उभी राहिली. पद्मावती म्हणाली, "काळी अलीकडे तरतरीत दिसते." भोळी ग बाई, की माया आंधळी असते म्हणू?

सयाजी अठरा वर्षांचा झाला आणि लष्करात भरती झाला. जाताना पाया पडायला आला. अक्कानं त्याला हात लावू दिला नाही. उंबऱ्यावर उकडलेली अंडी पुरचुंडीत बांधून ठेवली आणि लांबूनच म्हणाली, "सांभाळून जा, बाळा." त्यानं पुरचुंडी उचलली, हसला आणि गेला. ती आत जाऊन इतकी रडली की मला तिला धरून बसावं लागलं.

पासष्टच्या लढाईत सयाजी सरहद्दीवर गेला तो गेला. तार आली. तिकडंच अग्नी दिला म्हणे. काही दिवसांनी त्याची लोखंडी पेटी तेवढी आली.

तार आली त्या सकाळी मी पद्मावतीच्या घरी धावले तर घर माणसांनी भरलेलं, आणि पद्मावती कुठंच नाही. ती आमच्या परसात होती. काळीसमोर उकिडवी बसून तिला रागी घालत होती. नुकतंच घातलेलं अंडं तिच्या हातात होतं. डोळ्यांत पाणी नाही.

"तार चुकीची आहे," ती म्हणाली. "ही बघ, जिवंत आहे. अंडं घातलंय. हात लावून बघ, गरम आहे अजून."

तिनं नवऱ्याला दिवस घालू दिले नाहीत. पिंडाचं सामान आणलं ते तिनं बाहेर भिरकावलं. रोज सयाजीचं ताट वाढायची, अंथरूण घालायची, कुणी नाव काढून रडलं तर त्याला घराबाहेर काढायची. विश्वासराव आमच्याकडे येऊन मालोजींना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हणायचे, "अण्णा, पोर तिकडं अडकून पडलंय. पाणी द्यायला मिळत नाही मला." आणि ही बाई रोज सकाळी आमच्या दारात, काळी बघायला.

मी अक्काला म्हटलं, "तुझ्या कोंबडीनं धरून ठेवलंय तिला. आता सांग खरं काय ते. ती तुला काय वाटेल ते बोलू दे, पण रडू दे तरी एकदा."

अक्काला धीर गोळा करायला बरेच दिवस लागले. मग एका सकाळी पद्मावती रागी टाकत असताना ती तिच्याशेजारी जाऊन बसली. मी दारात उभी होते.

"पद्मा, ही ती काळी नाही. ती छप्पनच्या रोगात मेली. मी तिची पोर आणून ठेवली. ती मेली, तेव्हा ही ठेवली. तुला फसवलं मी. मार मला, शिव्या दे. पण कोंबडीवर काही नव्हतं ग. तुझा सयाजी गेला. त्याचं त्याला पाणी मिळू दे."

पद्मावतीनं मुठीत उरलेली रागी खाली ठेवली. मला वाटलं, आता हंबरडा फोडणार. मी पुढं झाले.

"छप्पनमध्ये मेली?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि सयाजीला काही झालं नाही."

"नाही."

"तू दुसरी ठेवलीस म्हणून." तिनं अक्काचा हात धरला. चेहरा कसा उजळला तिचा! "मग तू ठेवलेली कुठलीही चालते. ही जिवंत आहे, म्हणजे तो आहे. पण अक्का, हीही म्हातारी झाली ग. पुढची तयार नको का करायला?"

मला इतका संताप आला की दोघींच्या झिंज्या धरून ओढाव्यात असं वाटलं. मी तडक विश्वासरावांच्या घरी गेले. झालं ते सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तुम्ही पुरुषमाणूस आहात, शहाणे आहात. तिला आवरा. उद्याच्या उद्या भटजी बोलवा, मी असते बरोबर."

ते मान खाली घालून ऐकत होते. पेटीवर बसले होते, सयाजीच्या. उठले आणि माझ्याबरोबर आले. मला बरं वाटलं. म्हटलं, आता हे बोलतील.

परसात दोघी तशाच बसल्या होत्या. विश्वासराव त्यांच्याजवळ गेले. टोपी काढून हातात घेतली. काळीकडे बघत राहिले.

"गोजराक्का," ते म्हणाले, "ही अजून अंडी घालते ना?"

अक्कानं मान डोलावली.

"मग बसवा."

मी आत गेले, फळीवरची टोपली काढली, झटकली, आणि तूस भरायला घेतलं.