कोळशाच्या मोटारीतला चेहरा

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाला सकाळी कोळसे फुलवायला बसतो. आधी ओलसर, कडवट धूर येतो. मग तो विरतो आणि तापल्या कोळशाचा कोरडा वास माझ्या खिडकीपर्यंत पोचतो. तो वास आला की मी या घरात राहत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या, निजामी मुलखातल्या त्या मोटारीत जाऊन बसतो. पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा गुलबर्ग्याहून आळंदकडे जाणाऱ्या मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या बसवल्या होत्या. भट्टीतल्या धुरावर मोटार चाले. सपाटीला बरी धावे, चढ आला की म्हाताऱ्या म्हशीसारखी मध्येच उभी राही. मग उतारूंनी उतरायचं, ड्रायव्हरनं भट्टी ढवळायची, आणि मोटारीनं दम धरला की पुन्हा आत चढायचं.

मी तेव्हा गावोगाव फिरून तांब्या-पितळेची जुनी भांडी घेत असे. बापाकडून काही मिळालं नव्हतं. जे होतं ते जिभेच्या जोरावर कमावलेलं. समोरच्याच्या हंड्यातली चीर मला त्याच्याआधी दिसायची. छावणी सोडून निघालेल्या एका साहेबाच्या खानसाम्याशी हुज्जत घालून मी भांड्यांच्या ढिगासोबत एक पेटीचा कॅमेरा पदरात पाडून घेतला. त्याची गंमत अशी, की तो डोळ्याला लावायचा नसे. पोटाशी धरायचा आणि वरच्या काचेत वाकून पाहायचं. बघणाऱ्याला वाटावं, हा डब्यात भाकरी किती उरली ते बघतोय. अशा वाकल्या मानेनं मी मोटारीतले कितीतरी अनोळखी चेहरे घेतले. टोपलीवर डोकं टेकून झोपलेली कासारीण, तुर्की टोपी गुडघ्यावर ठेवून चोरून पेरू खाणारा कारकून. जन्मात मी कुणाची वस्तू भाव केल्याशिवाय उचलली नाही. हे चेहरे तेवढे न विचारता उचलले, आणि त्याचीच मला ऐट होती.

त्या दिवशी चढाला मोटार थांबली. सगळे उतरले, एक जोडपं सोडून. माणूस आजारी होता. गुलबर्ग्याच्या दवाखान्यातून बायको त्याला मादन हिप्परग्याला घरी नेत होती. अंगावर घोंगडी, कपाळावर विभूतीचे पट्टे, डोळे मिटलेले. मान कलू नये म्हणून तिनं हनुवटीखाली आपला तळवा धरला होता. खिडकीतून त्या दोघांवर असं ऊन पडलं होतं, की माझा हात आपोआप पेटीवर गेला. खटका दाबला, आणि त्याच क्षणी तिनं माझ्याकडे पाहिलं.

"काय करायलास रे? फोटू?"

"काही नाही, अक्का. सहज."

"सहज? जित्या मानसाला बसलेलं बघून फोटू काढायलास? आमच्यात फोटू कवा काढतेत, तुला ठावं न्हाई का?"

ठाऊक होतं. त्या भागात वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. त्यांच्यात माणूस गेला की त्याला भिंतीशी टेकवून बसवतात, विभूती लावतात, हार घालतात, आणि ऐपत असेल तर फोटोवाल्याला बोलावतात. कित्येकांचा जन्मातला तो एकच फोटो. मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या तिच्या नवऱ्यापुढे मी पेटी धरली, त्याचा तिला एकच अर्थ लागला.

"गिधाड हाइस तू, गिधाड! आधीच येऊन बसलास व्हय?" ती ओरडली. मग एकदम तिचा आवाज बसला. "जाळ ते, अण्णा. फोटू उठायच्या आत जाळ. डाक्टरनं घरी न्या म्हटलंय. माझं येवढं ऐक."

मी ऐकलं असतं. पण ते गिधाड साऱ्या मोटारीनं ऐकलं होतं. डोक्यात तिडीक गेली. रीळ बाजारात मिळत नाही, आत दुसरे फोटो आहेत, असं मी बोलत सुटलो. एक मियाँसाहेब म्हणाले, "दे डालो ना मियाँ, कायको अड़ रैं? औरत रो री." मागून कुणीतरी टोमणा मारला, "भांडीवाल्याला फुकट कायी द्याचं म्हटलं की ताप येतोय." सगळे हसले.

माझ्या पिशवीत एक खराब निघालेली रीळ होती. दुकानदाराशी भांडून बदलून घेण्यासाठी मी ती बरोबर ठेवली होती. मी पाठ फिरवली, कॅमेरा उघडल्यासारखं केलं आणि ती खराब रीळ तिच्या हातात ठेवली. तिनं नवऱ्याची मान बाकाच्या पाठीला टेकवली, ती पट्टी उन्हात सरसर उलगडली, मागं जाऊन मोटारीच्या भट्टीत टाकली. भक्कन जाळ झाला. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. बसल्यावर तिनं गाठोडं सोडलं आणि कडक भाकरी न् शेंगाची चटणी माझ्यापुढे धरली. "खा अण्णा. रागात बोलले." मी खाल्ली. सगळी खाल्ली.

पुढे शहरात रीळ धुवायला दिली. फोटोवाल्यानं तो चेहरा उजेडात धरला आणि हळू आवाजात विचारलं, "कधी गेले?"

त्या मार्गावर गिधाडशेठ हे नाव मला चिकटलं. भाव करताना लोक ते तोंडावर फेकत. त्या बाईवरचा राग मी वर्षानुवर्षं पाळला, कारण तो असेपर्यंत दुसऱ्या कशाकडे पाहावं लागत नव्हतं. हिप्परग्याच्या फाट्यावर मोटार थांबली की मी पलीकडच्या खिडकीतून बाहेर पाही. तो जगला का, एवढं विचारायला एक वाक्य पुरलं असतं. भांडी घ्यायला भोवतालची सगळी गावं फिरलो, तेवढं गाव टाळलं.

आता निजामी गेली, भट्टीच्या मोटारी गेल्या, मियाँसाहेबही गेले असतील. फोटो आहे. एकदोनदा तो घेऊन इस्त्रीवाल्याच्या कोळशापर्यंत जाऊन आलो. पण तो माणूस एकटा नाही त्यात. हनुवटीखाली तिचा तळवाही आहे. तो बरा झाला असेल, तर हा फोटो आजही तिच्याशी केलेली लबाडी आहे. आणि गेला असेल, तर भिंतीशी टेकवून काढलेला त्याचा फोटो तिच्या घरी असेल, हार घातलेला. जिवंतपणीचा त्याचा चेहरा मात्र, तिला वाटतं, जळून गेला, आणि तो इथे, भलत्याच घरात, माझ्या कपड्यांच्या पेटीत पडला आहे.